'गॉडझिला मायनस वन' पाहण्यासारखा आहे का? आधीचे गॉडझिला पाहिले नसतील आणि मुलांसोबत बघायचा असेल तर?

बघाच. आधीचा एकही पाहिला नसला तरी काही अडत नाही. कथा स्वतंत्र आहे, हॉलिवूडच्या काँगवाल्या मालिकेशी तिचा संबंध नाही. मात्र दोन तास नुसती अजस्र प्राण्यांची हाणामारी हवी असेल, तर 2024 चा 'गॉडझिला एक्स काँग' लावा. इथे गॉडझिला मोजक्याच प्रसंगांत दिसतो.

ताकाशी यामाझाकी यांचा हा जपानी चित्रपट 2023 चा. गोष्ट 1945 ते 47 मधली. आत्मघाती हल्ल्यावर निघालेला वैमानिक शिकिशिमा विमान बिघडल्याची थाप मारून ओदो बेटावर उतरतो. रात्री गॉडझिला येतो तेव्हा विमानातली 20 मिलिमीटरची तोफ हाताशी असूनही त्याचं बोट चापावर गोठतं. पुढचा सगळा सिनेमा या दोन गोष्टींच्या अपराधीपणावर उभा आहे. त्यानंतर बराच वेळ बेचिराख टोकियोतला संसार दिसतो. लोक कंटाळतात ते इथेच, आणि इथेच मोबाइल हातात घेतला तर शेवट भिडत नाही.

शिकिशिमाला काम मिळतं ते समुद्रातले सुरुंग काढायचं. बोट लाकडी, कारण सुरुंग चुंबकीय. लोखंडी जहाज जवळ आलं की फुटणारे. ही माहिती सुरुवातीला सहज सांगून टाकलीय, पण त्यामुळेच त्या फुटक्या बोटीमागे गॉडझिला लागतो तेव्हा तिच्यावरचे लोक किती उघड्यावर आहेत ते कळतं. तिथलं पाणी नीट बघा: डोक्यावरून ओघळणारं, बोटीला उचलणारं. एकूण 610 व्हीएफएक्स (संगणकावर केलेल्या दृश्य-करामतींचे) शॉट 35 जणांनी केले, दिग्दर्शक स्वतः व्हीएफएक्स सुपरवायझर, आणि 2024 मध्ये त्यासाठी ऑस्कर मिळालं. बजेट दीड कोटी डॉलरच्याही आत होतं म्हणतात. हॉलिवूडवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत असंच.

टोकियोतल्या गिन्झा भागाच्या प्रसंगात गॉडझिलाच्या पाठीवरचे काटे शेपटीकडून एकेक करून बाहेर येतात, निळे होतात आणि मग खटकन आत जातात. क्षणभर शांतता, नंतर स्फोट. इथे आवाज महत्त्वाचा. डरकाळीसुद्धा स्टेडियममधल्या स्पीकरवर वाजवून रेकॉर्ड केलेली आहे. टीव्हीच्या किंवा मोबाइलच्या स्पीकरवर त्यातलं निम्मं हरवतं. साउंडबार नसेल तर बरे हेडफोन लावा.

दोष आहेत. काही जागी अभिनय वरच्या पट्टीत जातो. सरकारने माणसांचे जीव स्वस्तात उधळले असं चित्रपट ठणकावून सांगतो, पण जपानी सैन्याने आशियात काय केलं त्यावर गप्प बसतो. शेवटी एक सवलतही घेतलीय, ती मला पटली नाही. इथे फोडत नाही.

मुलं बारा-तेरा वर्षांची असतील तर हरकत नाही. रक्ताचे ओघळ फारसे नाहीत, पण माणसं जबड्यात धरून भिरकावली जातात आणि आत्मघाताचा विषय सतत आहे. त्याहून लहानांना नको.

मूळ जपानी आवाज आणि सबटायटल्स ठेवा. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल जास्त गुळगुळीत दाखवणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा दिसतो. ओदो बेटाचा प्रसंग रात्रीचा आहे. खोलीतले दिवे घालवा आणि नेट मंद असेल तर आधी डाउनलोड करून घ्या, कारण कमी डेटावर अंधाराचे चौकोनी ठिपके होतात आणि त्यात गॉडझिला शोधावा लागतो.