सांगोला हा शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला होता, की फक्त गणपतराव देशमुखांचा?

आपण विचारले आहे की, गणपतरावांनी उमेदवारी सोडताच २०१९ मध्ये शेतकरी कामगार पक्षाने (शेकापने) सोलापूर जिल्ह्यातला हा सांगोला मतदारसंघ गमावला, तर मग हा पक्षाचा बालेकिल्ला म्हणायचा कसा. माझे आजोळ सांगोला तालुक्यातले असल्यामुळे हा वाद मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. माझे मत असे की बालेकिल्ला पक्षाचाही होता आणि आजही आहे, परंतु तो साधारण निम्म्या मतदारसंघाचा आहे. उरलेला निम्मा कधी फुटलेला असतो, कधी एकत्र येतो, आणि सांगोल्याचा निकाल बहुतेक वेळा त्यावरच ठरतो.

आधी इतिहास. गणपतराव, म्हणजे तालुक्याचे आबासाहेब, १९६२ मध्ये शेकापतर्फे पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ पर्यंत एकूण अकरा वेळा विधानसभेत गेले. अनेक लेखांत ते सलग अकरा वेळा जिंकले असे लिहिलेले आढळते, ते खरे नाही. १९७२ मध्ये काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत त्यांनी जागा परत मिळवली. दुसरा पराभव १९९५ चा, काँग्रेसच्याच शहाजीबापू पाटलांकडून, अवघ्या १९२ मतांनी. मतपत्रिकांच्या पंचवीस-पंचवीसच्या गड्ड्या बांधल्या तर या फरकात आठ गड्ड्याही भरत नाहीत. यातली गंमत अशी की त्याच निवडणुकीत काँग्रेसच्या हातून राज्य गेले आणि शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, पण सांगोल्यात मात्र काँग्रेस जिंकली. राज्यात वाहणारे वारे या मतदारसंघाला फारसे लागत नाही, हे माझे निरीक्षण मुख्यतः याच निकालावर उभे आहे. १९७२ चा निकाल त्याला अपवाद मानावा लागेल, कारण तेव्हा काँग्रेसची लाट राज्यभर होती.

आता मूळ प्रश्न. २०१४ मध्ये गणपतरावांना ९४,३७४ मते मिळाली आणि शिवसेनेतर्फे लढलेल्या शहाजीबापूंना ६९,१५०. म्हणजे फरक २५,२२४ मतांचा. २०१९ मध्ये वय नव्वदीच्या पुढे गेल्यामुळे आबासाहेबांनी उभे राहण्यास नकार दिला आणि उमेदवारी अखेर त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांच्याकडे आली. त्यांना मिळालेली मते होती ९८,६९६. नातवाला आजोबांपेक्षा चार हजारांहून अधिक मते पडली आणि तरीही तो हरला, हे लक्षात घेतल्याशिवाय २०१९ चा निकाल समजत नाही. शहाजीबापूंची मते ९९,४६४ वर पोहोचली होती आणि त्यांचा विजय ७६८ मतांचा होता. (७६८ म्हणजे १९२ ची बरोबर चौपट, योगायोगाखेरीज त्यात काही नाही, पण तालुक्यात आकडेमोडीचा नाद असलेली मंडळी हे हटकून सांगतात.)

ही वाढ आली कुठून? जवळा गावच्या साळुंखे घराण्यातील दीपकआबा साळुंखे हे तेव्हा राष्ट्रवादीचे स्थानिक नेते होते. त्यांनी त्या वेळी आपले वजन बापूंच्या पारड्यात टाकले. देशमुख, पाटील आणि साळुंखे असे तीन गट या तालुक्यात वर्षानुवर्षे आहेत, त्यांतील दोन एकत्र आले की तिसऱ्याची दमछाक होते. मतमोजणीच्या दिवशी माझे मामा ओसरीवर बसून दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर फेरीगणिक आकडे मांडत होते. संध्याकाळी पेन्सिल कानाला अडकवून ते एवढेच म्हणाले, ‘आपली मतं कुठं गेली न्हाईत, समोरची एक झाली.’ ते जुने शेकापवाले असल्याने त्यांचे म्हणणे मी तेव्हा मनाची समजूत म्हणून सोडून दिले होते. पुढे अधिकृत आकडे पाहिल्यावर ते बरोबर होते हे मान्य करावे लागले.

निम्मी मते इतकी टिकून का राहतात, यामागे केवळ आबासाहेबांचा एसटीने प्रवास आणि साधी राहणी नाही, जरी बाहेरच्या वाचकाला तेवढेच ठाऊक असते. माणदेशाचा हा भाग कमी पावसाचा. रोजगार हमीची कामे, नीरा उजव्या कालव्याच्या शेपटाकडचे पाणी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांसाठीचा लढा आणि नागनाथअण्णा नायकवडींसोबत भरवलेल्या आटपाडीच्या पाणी परिषदा, या सगळ्यांतून गावोगाव कार्यकर्त्यांची फळी तयार झाली. कापसाचे पीक नावालाही नसलेल्या तालुक्यात उभी राहिलेली शेतकरी सहकारी सूत गिरणी हे त्या संघटनेचे सर्वांत ठळक रूप. धनगर समाजाची मोठी संख्या हेही कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तेवढ्याने पन्नास वर्षे निघत नाहीत, कारण डाळिंबाच्या बागांतून फिरल्यास शेकापचा मतदार प्रत्येक समाजात भेटतो.

शहाजीबापूंबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जून २०२२ मध्ये गुवाहाटीहून फोनवर केलेल्या ‘काय झाडी, काय डोंगार’ या वर्णनामुळे ते महाराष्ट्रभर गाजले आणि अनेकांना त्यांची ओळख तिथूनच झाली. प्रत्यक्षात गणपतरावांसारख्या माणसासमोर पुन्हा पुन्हा हरूनही उभा राहणारा आणि त्यांना एकदा पाडून दाखवणारा हा राजकारणी आहे. त्यांना विनोदी पात्र समजणे चुकीचे ठरेल.

३० जुलै २०२१ रोजी गणपतरावांचे निधन झाले. २०२४ ची निवडणूक ही त्यांच्या पश्चातली पहिली विधानसभा निवडणूक होती, म्हणून आपल्या प्रश्नाची खरी कसोटी मी तिलाच मानतो. या वेळी शेकापचे उमेदवार होते त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. शहाजीबापू शिंदे यांच्या शिवसेनेकडून लढले, तर दीपकआबा ठाकरे यांच्या शिवसेनेकडून मशाल चिन्हावर उभे राहिले. म्हणजे महाविकास आघाडीतला मित्रपक्षच शेकापच्या विरोधात होता. निकाल असा लागला: देशमुख १,१६,२५६, पाटील ९०,८७०, साळुंखे ५०,९६२. फरक २५,३८६ मतांचा, जवळपास आबासाहेबांच्या २०१४ च्या विजयाइतकाच. त्या निवडणुकीत शेकापला राज्यभरात मिळालेली ही एकमेव जागा होती.

परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या मतांची बेरीज केली तर ती १,४१,८३२ होते. ही सगळी मते एकगठ्ठा एका उमेदवाराला पडली असती असे मी म्हणणार नाही, कारण २०१९ च्या तुलनेत बापूंची मते साडेआठ हजारांच्या आसपासच घटली होती, म्हणजे दीपकआबांची सगळी मते काही बापूंच्या वाट्यातून आलेली नव्हती. तरीही निकालाच्या दिवशी मामांनी याही वेळी दिनदर्शिकेच्या पाठीवर ही बेरीज मांडली होती, आणि घरात पेढे वाटून झाल्यावरही ते बराच वेळ तिच्याकडेच पाहत बसले होते.