निःक्षारीकरण प्रकल्पाचं (समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी काढल्यावर उरलेलं) खारं पाणी ६ मीटर खोलीत सोडायचं आहे. किनारी मॉडेलमध्ये ५० मीटरच्या ग्रिडवर (समुद्राचे ५०-५० मीटरचे चौकोन, म्हणजे सेल, पाडून) क्षारता लगेच उतरते. हा निकाल ग्राह्य धरावा का?

नका धरू. तिथे पाणी समुद्रात मिसळलेलं नाही, मॉडेलनेच ते अख्ख्या सेलमध्ये वाटून टाकलंय. मीही सुरुवातीला असाच एक सुंदर नकाशा काढून खूश झालो होतो.

आधी नोझलजवळचं गणित हातानेच करा. समजा व्यास ०.२ मीटर, वेग सेकंदाला ४ मीटर, क्षारता लिटरला ६८ ग्रॅम आणि समुद्राची ३५. घनतेतला फरक घनमीटरला साधारण २५ किलो, म्हणून घनताधारित फ्रूड अंक (झोताचा जोर त्याला खाली ओढणाऱ्या जडपणाच्या तुलनेत किती, हे सांगणारा आकडा) येतो १८ च्या आसपास. तळाशी ६० अंशांचा कोन करून वर सोडलेल्या झोतासाठी रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांचं १९९७ चं सूत्र आहे: कमाल उंची = २.२ × व्यास × फ्रूड अंक. म्हणजे जवळजवळ ८ मीटर! तुमच्याकडे पाणीच ६ मीटर. त्याच प्रयोगांनुसार तळाला टेकताना झोत १.६ × फ्रूड अंक, म्हणजे २९ पट पातळ होतो, पण तो खोल पाण्यात. उथळ पाण्यात तो हिशोब लागू पडत नाही.

प्रयोगशाळेतल्या टाकीत लाल रंग घालून हे पाहिलंय. पाणी खोल असताना झोत सुरेख कमान करतो आणि कमानीच्या आतल्या बाजूने जड पाण्याचे धागे खाली गळत राहतात. याच गळतीमुळे साधी इंटिग्रल मॉडेल्स (झोताच्या आडव्या छेदाची सरासरी धरून चालणारी) विरलता, म्हणजे झोत किती पट पातळ झाला ते, कमी दाखवतात. पाणी कमी केलं की कमानीचा माथा पृष्ठभागाला धडकून चपटा होतो, वरून नवं पाणी ओढायला वावच उरत नाही.

व्यास निम्मा केलात तर त्याच वेगाला उंची ५.७ मीटरवर येते, पण नोझल चौपट लागतील आणि तळापासून नोझलची उंची धरली तर झोत पृष्ठभागाला लागणारच. मी कोन ३० अंशांवर आणेन: उंची निम्म्यावर येते, विरलता थोडी घटते. मग झोतापुरतं त्रिमितीय सीएफडी (प्रवाहाचं संगणकीय गणित) करा, नोझलच्या व्यासात निदान आठ-दहा सेल ठेवून. झोत तळाला टेकल्यावर तिथली जाडी, क्षारता आणि प्रवाह किनारी मॉडेलला द्या. त्या मॉडेलमध्ये तळाजवळचे थर पातळ ठेवा, कारण पुढे हे जड पाणी चादरीसारखं उताराने सरकतं आणि तळावरच्या जीवांना झाकतं. ओहोटीची, वारा पडलेली वेळ चालवायला विसरू नका.