‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ की ‘कृत्रिम प्रज्ञा’?

प्रश्न असा आला आहे: वर्तमानपत्रांत कधी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ छापून येतं, तर कधी ‘कृत्रिम प्रज्ञा’. यातलं बरोबर कोणतं? आणि ‘बुद्धिमत्ता’ लिहिताना वेलांटी पहिली की दुसरी?

मी ‘बुद्धिमत्ता’च्या बाजूने आहे. का, ते सांगायला मूळ इंग्रजी नावाच्या जन्माकडे जावं लागेल.

१९५५च्या उन्हाळ्यात अमेरिकेत जॉन मॅकार्थी, मार्विन मिन्स्की, नॅथॅनियल रॉचेस्टर आणि क्लॉड शॅनन या चौघा संशोधकांनी रॉकफेलर फाउंडेशनकडे पैशांसाठी एक प्रस्ताव धाडला. पुढच्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात दहा जणांनी दोन महिने बसून एका विषयाचा अभ्यास करायचा, असा बेत होता. त्या प्रस्तावात ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव आलं. मॅकार्थींनी ते विचार करून निवडलं होतं. नॉर्बर्ट वीनर यांचं ‘सायबरनेटिक्स’, म्हणजे सजीवांतल्या आणि यंत्रांतल्या नियंत्रणाचं व संदेशवहनाचं शास्त्र, तेव्हा गाजत होतं आणि मॅकार्थींना त्या छत्राखाली जायचं नव्हतं. प्रस्तावामागचं गृहीतक असं: शिकणं असो वा बुद्धीचं दुसरं कुठलंही अंग, त्याचं इतकं काटेकोर वर्णन करता येईल की यंत्राकडून त्याची नक्कल करवून घेता येईल. म्हणजे त्यांच्या मनातली ‘इंटेलिजन्स’ ही सुटी करून, मोजून-मापून पाहता येण्यासारखी गोष्ट होती. त्याआधी १९५०मध्ये इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनीही ‘यंत्र विचार करतं का?’ हा प्रश्न बाजूला ठेवून त्याच्या जागी एक चाचणीच मांडली होती.

नाव सगळ्यांना रुचलं होतं असंही नाही. ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन हे संशोधक डार्टमथला चालता प्रोग्राम घेऊन आले होते. रसेल आणि व्हाइटहेड यांच्या गणितग्रंथातल्या एका प्रकरणातल्या पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ त्याने सिद्ध करून दाखवली. तरी ते दोघे आपल्या कामाला बरीच वर्षं ‘गुंतागुंतीच्या माहितीवरची प्रक्रिया’ अशा अर्थाचं नाव देत राहिले.

आता मराठीकडे येऊ. ‘बुद्धिमत्ता’ हा शब्द आपल्यातल्या बहुतेकांना पहिल्यांदा भेटतो तो शिष्यवृत्ती परीक्षेत, ‘बुद्धिमत्ता चाचणी’ म्हणून. २, ६, १२, २०, पुढे काय? आरशातली आकृती कोणती? गटात न बसणारं पद ओळखा. या शब्दाला मराठीत चाचणीचा वास आहे आणि इथे नेमका तोच हवा आहे. गंमत म्हणजे आजची भाषा-प्रारूपं (चॅटजीपीटीसारख्या साधनांमागची यंत्रणा) मुळात त्या संख्यामालिकेसारखंच काम करतात. ‘गाडी घाटात बंद...’ एवढं दिलं की पुढे ‘पडली’ येण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, हे ती प्रचंड मजकुरावरून शिकलेली असतात. पुढे काय येईल, हाच प्रश्न ती पुन्हापुन्हा सोडवतात आणि त्यातून उत्तर उभं राहतं.

‘प्रज्ञा’चं तसं नाही. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेत तो शब्द आहे हे खरं, पण त्याचं घर वेगळं आहे. गीतेतला स्थितप्रज्ञ आठवा. प्रज्ञा, शील, करुणा ही त्रयी आठवा; महाराष्ट्रात लाखो घरांत ती श्रद्धेने उच्चारली जाते. तिथे प्रज्ञा म्हणजे जगण्यातून आणि साधनेतून आलेली जाण. ती शीलापासून वेगळी काढता येत नाही. यंत्राला हा शब्द बहाल केला तर यंत्राचं काही बिघडणार नाही, पण शब्द मात्र उथळ होईल, आणि मला त्याचं वाईट वाटेल.

‘बुद्धी’ला अशी झळ बसली, तरी ती सोसते. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं. आपल्याकडे तर त्या खेळाचं नावच बुद्धिबळ! पण ते यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी पटस्थिती तपासत होतं, हे कळल्यावर ‘यात कसली बुद्धी, ही तर आकडेमोड’ असंच पुष्कळांनी म्हटलं. यंत्राला एखादी गोष्ट जमली की ती बुद्धीच्या व्याख्येतून वगळायची, असं या क्षेत्राच्या इतिहासात वारंवार झालं आहे.

प्रश्नात विचारलेलं नाही, पण मला जास्त मोलाचा वाटतो तो पहिला शब्द. ‘कृत्रिम’ला आपण दोन अर्थांनी वापरतो. कृत्रिम पाय, गणपती विसर्जनाचा कृत्रिम तलाव: इथे अर्थ ‘माणसाने घडवलेला’. कृत्रिम हसू, कृत्रिम टंचाई: इथे ‘खोटं’. व्युत्पत्ती पहिल्या अर्थाच्या बाजूने आहे. ‘कृ’ म्हणजे करणे, त्यावरून कृत्रिम म्हणजे करून निर्माण झालेलं. जुन्या धर्मशास्त्रात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यात एक ‘कृत्रिम’ पुत्र आहे. तो खोटा मुलगा नव्हे. गुणदोष जाणणारा, पुत्राचे गुण अंगी असलेला, आपला म्हणून केलेला मुलगा. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ वाचताना हा अर्थ मनात ठेवावा. कृत्रिम पायाने माणूस खरोखरच चालतो.

राहिली वेलांटी. एकटा शब्द असेल तर ‘बुद्धी’ दीर्घ. बुद्धीने, बुद्धीचा हेही दीर्घच. पण ‘बुद्धिमत्ता’, ‘बुद्धिमान’, ‘बुद्धिबळ’ यांत मूळ संस्कृत ऱ्हस्व ‘द्धि’ टिकते. पुढचा ‘त्ता’ही जपून लिहावा: ‘बुद्धिमत्’ला ‘ता’ लागला आहे, जसा ‘गुणवत्’ला लागून ‘गुणवत्ता’ होते. ‘बुद्धिमता’ असा एका ‘त’चा शब्द आता पाट्यांवरही दिसू लागला आहे. आणि बुद्धि अधिक अंक म्हणजे ‘बुद्ध्यंक’, ‘बुद्ध्यांक’ नव्हे.