गणिताच्या कव्हरातला बैल

«माई, माझा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. आम्ही म्हार्दोळजवळ राहतो. ह्यांची नोकरी बोटीवर, वर्षातले आठ महिने बाहेर. मी फोंड्याला कामाला जाते, संध्याकाळी सहाला येते; घरी सासूबाई. मुलाला बॅट-बॉलची आवड नाही. फुलं गुंफतो, चित्रं काढतो, बायकांची फुगडी लागली की कडेला बसून गाणी पाठ करतो. 'मी असा का' म्हणून त्याने कुढू नये यासाठी मी चित्रांची पुस्तकं आणते. लढायला नको म्हणणारा बैल, रंगीत चौकटींचा हत्ती, अशी चौदा झाली. काही विकत, काही पणजीला पाटोवरच्या सरकारी ग्रंथालयातली. रोज रात्री वाचतो. सासूबाईंना आणि ह्यांना ही थेरं आवडणार नाहीत, म्हणून खाकी कव्हरं घालून ठेवते. आता तर कव्हर तोच घालतो. परवा बैलाच्या पुस्तकावर लेबल लावून 'गणित' असं लिहिलं, मला हसूच आलं. पण गेल्या आठवड्यात शाळेत बाईंनी विचारलं, चतुर्थीच्या सुटीआधीच्या कार्यक्रमात फुगडीला कोण कोण? याला सगळ्या चाली येतात, तरी हात वर केला नाही. शेजारच्या मुलीने नाव सुचवलं तर म्हणाला, 'मला येत नाही.' घरी येऊन रडला. एवढी पुस्तकं वाचून धीर का येत नाही? आता कोणतं आणू? घरची माणसं अशी, मी एकटी किती पुरी पडणार?»

बाय,

पंधरावं पुस्तक आणू नको.

आणि ते 'हसूच आलं' वाक्य पुन्हा एकदा वाच. पत्रभर तू सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, शाळेबद्दल लिहिलंस आणि हे मध्येच, गंमत म्हणून, टाकून दिलंस. मी तिथून पुढे सरकलेच नाही.

खाकी कव्हरांशी माझं वैर नाही. आमच्या लहानपणी मिरगाचा पाऊस लागायच्या आत पुस्तकांना कव्हरं घालायचा एक अख्खा दिवस असे. घडी नखाने दाबायची, कोपरे आत दुमडायचे, सकाळच्या पेजेतली शितं चोळून लेबल चिकटवायचं, मग श्वास धरून त्यावर नाव काढायचं. पावसापासून पुस्तक वाचावं म्हणून ती सगळी खटपट. पण लेबलावर भूगोल असला तर आतही भूगोलच असे.

तुझ्या पोराचं कव्हर वेगळ्या जातीचं आहे. सात वर्षांचं भुरगं जमिनीवर पालथं पडून, जीभ दातांत धरून तीन अक्षरं लिहितंय, ग, णि, त. आत फुलं हुंगत बसलेला बैल. लेबल लाव असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तू फक्त कागद गुंडाळायला शिकवलंस, पुढचं त्याचं त्याने ताडलं: कोऱ्या कव्हराचं पुस्तक एखादा उघडून बघेल, गणिताचं कुणी उघडत नाही. हुशार आहे गो तो. हसण्यासारखं मात्र मला त्यात काही दिसलं नाही.

धीर का येत नाही म्हणून विचारतेस. अगं, तो शिकवल्याबरहुकूम वागला! जसा आहेस तसा राहा, हे तू त्याला वाचून दाखवतेस. आणि जे आवडतं ते घरातल्यांच्या नजरेला पडू द्यायचं नाही, हे करून दाखवतेस. वाचलेलं आणि केलेलं यांत भुरगं कशावर विश्वास ठेवतं ते कुठल्याही आईला विचार. बाईंनी फुगडीचं विचारलं तेव्हा त्याने स्वतःला झटकन कव्हर घातलं आणि वर लेबल लावलं, 'मला येत नाही.' बैलावर जसं लावलं होतं तसंच.

आणि तो बैल कोण आहे ठाऊक आहे ना? फर्डिनांड. मन्रो लीफने लिहिला, रॉबर्ट लॉसनने काढला, १९३६ साली अमेरिकेत छापला गेला. स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीत त्याच्यावर बंदी होती, जर्मनीत नाझींनी तो जाळला. अशांना पुरून उरलेला बैल म्हार्दोळात एका म्हातारीला भिऊन गणिताच्या कव्हरात लपला! आपला मुलूख धिरयोचा, बैलांच्या झुंजींचा. न्यायालयाची बंदी असूनही शेतात झुंजी लागतात, माणसं पैसे लावतात. न झुंजणाऱ्या बैलाची गोष्ट इथे दारात बसून मोठ्याने वाचायची, तर तू दिवा बारीक करून वाचतेस.

त्यातलं आईचं पान काढ. गायीला काळजी वाटते, पोर एकटं पडेल. ती त्याला विचारते, तू इतरांसारखा उड्या मारत का खेळत नाहीस? तो म्हणतो, मला इथेच बरं वाटतं. पोराला एकटं वाटत नाही एवढं तिला दिसतं आणि ती त्याला बसू देते. संपलं. पुढे आयुष्यभर ती त्याला धीर देत फिरत नाही, आणि इतर बैलांना दिसू नये म्हणून झाडाला पडदाही बांधत नाही. (त्या झाडाला लॉसनने बाटलीच्या बुचांचे घोस लावलेत, फळं लगडावीत तसे. आपल्याकडचं बुचाचं झाड नव्हे, ज्याच्या सालीची बुचं करतात तो ओक. पोराला ते दाखवलंस का? हसायचं तर तिथे हसा.)

एक सांगते, या 'आपल्यासारखे आपण' छापाच्या पुस्तकांतली निम्मी मला सोसत नाहीत. एक वेगळं पिल्लू, सगळे त्याला हसतात, मग वादळ नाही तर लांडगा येतो, पिल्लाच्या वेगळेपणामुळेच सगळे वाचतात, टाळ्या. म्हणजे वेगळा राहा, पण गावाच्या कामी ये, तर तुला माफी! फर्डिनांड कुणालाच वाचवत नाही. रिंगणात मधोमध बसतो, बायकांनी केसांत माळलेल्या फुलांचा वास घेतो, आणि काही केल्या लढत नाही म्हणून लोक त्याला घरी धाडतात. म्हणून तो बैल मला प्रिय. तुझा तो चौकटींचा हत्ती, डेव्हिड मॅकीचा एल्मर, तोही चांगला आहे. १९६८ पासून पोरं त्याला वाचतायत. इतरांसारखं दिसावं म्हणून तो राखाडी फळांच्या रसात लोळतो, आणि पाऊस आला की रंग धुऊन जातो. तुझ्या एल्मरवर मात्र पावसानेही न जाणारा खाकी कागद आहे.

आता सासू. तू लिहिलंस, 'आवडणार नाहीत'. भविष्यकाळ. म्हणजे तिने एकही पुस्तक पाहिलेलं नाही. नवऱ्याचंही तेच, तो तर आठ महिने समुद्रावर. ज्यांनी तोंड उघडलेलं नाही त्यांची उत्तरं तूच लिहून ठेवलीस आणि पोराला त्यांना भ्यायला शिकवलंस. सासू चांगली आहे असं मी म्हणत नाही, मी तिला ओळखत नाही. पण पोर फुलं गुंफायला कुणाकडून शिकलं हे तू लिहिलं नाहीस. तू सहाला येतेस. जायांच्या पूजेचं गाव, दिवसभर घरात एक म्हातारी आणि एक भुरगं. फुलांचा वळेसर काय त्याने गणिताच्या पुस्तकातून शिकला?

शिवाय ती जन्मभर देवळातला गवळणकाल्याचा खेळ बघत आली असणार, लुगडं नेसून नाचणारे बाप्ये तिने पाहिलेत. मंगेशी तुमच्या हाकेच्या अंतरावर. तिथल्या दीनानाथ मंगेशकरांनी रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवल्या हे तिला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तरीही बोलली काही, तर बोलू दे. म्हातारीचे दोन शब्द त्याला ऐकू येतील, आणि ते ऐकूनही आपली आई पुस्तकं उचलून ठेवत नाही हेही दिसेल.

तेव्हा एकच काम कर, चतुर्थीची साफसफाई निघेल त्या दिवशी. चौदाही पुस्तकं वसरीवर आण, सासू बसते तिच्यासमोर, आणि कव्हरं काढ. पहिलं कव्हर तू घातलं होतंस, पहिलं तूच काढायचं. काढताना पोराला सांग, 'हे मी उगाच घातलं होतं, चुकलं माझं.' एवढंच. भाषण नको, डोळ्यांत पाणी नको. सासूने विचारलं तर 'पोराची पुस्तकं' म्हण आणि पुढचं हातात घे. मग सगळी बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला चित्रं दिसतील अशी मांड. पाहुणे येतील, गणपतीवर टांगलेली माटोळी बघतील, तशी पुस्तकंही बघतील. ग्रंथालयाची तर आधी सोडव. १८३२ सालापासून लोकांना वाचायला पुस्तकं देणारी संस्था ती, आणि तू तिचीच पुस्तकं बुरख्यात ठेवतेस!

फुगडीचं मात्र त्याच्याजवळ काढू नको. बाईंना जाऊन भेटू नको, 'आमच्या ह्याला सगळं येतं' म्हणून त्याला पुढे ढकलू नको. यंदा हात वर करायचा की नाही ते त्याचं तो बघेल. घरात बायका फुगडी घालतील तेव्हा तो कडेला बसला तर बसू दे, उठला तर जागा दे.

'गणित'वालं कव्हर सगळ्यात शेवटी, आणि ते त्याच्याकडूनच काढून घे. लेबल पुस्तकालाच चिकटलेलं असेल तर ओलं फडकं थोडा वेळ ठेवून हळू सोडव, ओढलंस तर बैलाचं नाक त्याच्याबरोबर सोलून येईल. कागद टाकू नको. नेवऱ्या तळल्या की खाली पसरायला होतो.

तुझी,
माई