लिनक्स लॅपटॉप झाकण लावून ठेवला तरी रात्रीत बॅटरी का उतरते?

लॅपटॉप झोपतोय, पण किती गाढ ते आधी बघा. टर्मिनलमध्ये '/सिस/पॉवर/मेम_स्लीप' (/sys/power/mem_sleep) ही फाइल वाचा. चौकटी कंस 'एस२आयडल' (s2idle) या शब्दाभोवती असेल तर ती नुसती डुलकी. शेजारी 'डीप' (deep), म्हणजे गाढ झोप, असेल तर रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन तोच शब्द त्या फाइलीत लिहा आणि एक रात्र बघा. जमलं तर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) 'मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप' (mem_sleep_default=deep) टाका, नाहीतर रीबूटनंतर जैसे थे. (उठताना स्क्रीन काळीच राहिली तर मात्र नाद सोडा.)

'डीप' नसेलच तर फर्मवेअर (लॅपटॉपमधलं अंगभूत सॉफ्टवेअर) ते देत नाही. नव्या लॅपटॉपांत हे सर्रास. मग संशय ड्रायव्हरवर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर). एखादं उपकरण जागं राहिलं तरी प्रोसेसर खोल झोपेत जात नाही. मी आधी वायफायचं ड्रायव्हर मॉड्यूल (कार्ड नव्हे) कर्नलमधून काढून लॅपटॉप झोपवतो, बहुधा तिथेच धागा सापडतो.