इंजिनकामानंतर गाडी विकावी का? आधी क्रेडिट कार्डचे बिल पाहा

नाशिकच्या एका वाचकांनी विचारले आहे, की इंजिनकाम झालेली गाडी ठेवावी की विकावी. त्यांचे वय 41, सातपूरच्या कारखान्यात नोकरी, हातात येणारा पगार 72,000 रुपये आणि घरकर्जाचा हप्ता 21,000. गाडी 2017 ची डिझेल, 1,35,000 किलोमीटर चाललेली. सात महिन्यांपूर्वी कसारा घाटात कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) पाइप फुटला, तापमानाचा काटा वर गेला आणि ‘पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ’ म्हणून गाडी तशीच चालवली गेली. इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड वाकले, त्याखालचे गळती रोखणारे गॅस्केट गेले, रिंगा आणि बेअरिंगही बदलावे लागले. बिल 1,42,000 रुपये झाले. त्यानंतर गाडी 6,000 किलोमीटर विनातक्रार चालली आहे, तरी नजर रस्त्यापेक्षा काट्यावरच असते आणि पत्नी रात्री त्या गाडीत बसायला तयार नाहीत. डीलर पावणेदोन लाख देतो आहे. पावणेतेरा लाखांची नवी गाडी सात वर्षांच्या कर्जावर घ्यावी का, हा प्रश्न.

पत्राच्या शेवटी एक वाक्य जाता जाता आले आहे: ‘दुरुस्तीचे बिल कार्डवर टाकले, मिनिमम ड्यू वेळेवर भरतो, त्यामुळे थकबाकी काही नाही.’

साहेब, थकबाकी आहे. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरल्याने फक्त दंड टळतो, व्याज नाही. कार्डचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या पुढे, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे महिना सव्वाचार टक्के धरा. दरमहा बाकीच्या पाच टक्के भरत असाल, तर सात महिन्यांत तुम्ही सुमारे 50,000 रुपये भरलेत आणि मूळ रक्कम कमी झाली फक्त नऊ-दहा हजारांनी. अजून 1,33,000 च्या आसपास बाकी असेल. स्टेटमेंट उघडून पाहा. त्यातच घरचा किराणाही त्याच कार्डवर होतो, असे तुम्ही लिहिता. मागची बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे डाळ-तांदळावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते आहे.

आणि हे सगळे चालू असताना बँकेत 2,20,000 रुपयांची एफडी पडून आहे, ‘अडीअडचणीसाठी, तिला हात लावायचा नाही’ म्हणून. अडचण याहून वेगळी काय असते? सात टक्क्यांनी त्या एफडीचे वर्षाचे व्याज पंधरा हजार; कार्ड तेवढे तीन महिन्यांच्या आत खाते. मुदतीपूर्वी मोडल्याने व्याजात साधारण एक टक्का कमी मिळेल, तो मिळू द्या. याच आठवड्यात एफडी मोडा, कार्डची बाकी पूर्ण फेडा, आणि उरलेले 85,000 बचत खात्यात ठेवा. किराणा निदान सहा महिने रोखीने किंवा यूपीआयने करा.

दुसरी गोष्ट तुमच्या आयुर्विमा पॉलिसीची. बँकेतल्या अधिकाऱ्यांनी ‘एफडीसारखीच, पण बारा टक्के’ असे सांगून दिलेली, वर्षाला 60,000 हप्त्याची, पाच वर्षे भरलेली. अशा पारंपरिक पॉलिसीत शेवटी पाच-सहा टक्के पदरात पडतात, आणि बारा टक्क्यांचे ते आश्वासन तुम्हाला कोणत्याही कागदावर सापडणार नाही. त्याहून गंभीर बाब ही, की विमा रक्कम सहा लाख आणि घरकर्ज बाकी 19 लाख. उद्या काही बरेवाईट झाले तर कुटुंबाच्या हाती काय राहील, याचा विचार विकणाऱ्याने केलेला नाही. आता सरेंडर केल्यास, म्हणजे पॉलिसी मोडल्यास, किती मिळतील आणि पेडअप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास, मुदतीअंती किती, हे विमा कंपनीकडून लेखी मागवा. माझा कल पेडअपकडे आहे. मात्र त्याआधी एक कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाल्यासच कुटुंबाला रक्कम देणारा विमा, घ्या. धूम्रपान करत नसाल आणि प्रकृती ठीक असेल, तर तुमच्या वयाला वर्षाला वीस हजारांच्या आसपास पडेल; सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही.

आता गाडी. दुरुस्तीचे 1,42,000 गेले; गाडी ठेवली तरी गेले, विकली तरी गेले. पाहायचे ते एवढेच, की इंजिन तापण्याचे कारण उरले आहे की नाही. रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि सगळे पाइप बदलले का, हे बिलावर ओळीने तपासा. ज्याने काम केले त्याच्याकडे न जाता दुसऱ्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन आणि कूलिंगची प्रेशर टेस्ट करून घ्या. रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारा आणि दर रविवारी पातळी पाहा. डिपस्टिक (इंजिनातले तेल तपासायची पट्टी) काढा, तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर गॅस्केट पुन्हा गळते आहे असे समजा, आणि तसे असेल तर मीही विकाच म्हणेन, अर्थात घेणाऱ्याला बिले दाखवून. पातळी हलत नसेल आणि तेल स्वच्छ असेल, तर जे बिघडले होते ते दुरुस्त झाले आहे. काटा चढताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करण्याची शिस्त मात्र नव्या गाडीतही लागेल, कारण तुमचे हेड कूलंटच्या पाइपमुळे कमी आणि त्या ढाब्यापर्यंतच्या अंतरामुळे जास्त वाकले.

तुमची भीती मी खोटी म्हणत नाही, पण तिची किंमत मोजा. जुन्या गाडीचे पावणेदोन लाख वजा जाता अकरा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षे म्हणजे महिना 18,000, एकूण पंधरा लाखांवर. बाकी सगळे आजच्यासारखेच चालू ठेवले, तर घर, कार्ड, पॉलिसी आणि गाडी मिळून 51,000 जातील, घरखर्चाला 21,000 उरतील. शिवाय विम्याच्या कोष्टकात पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मी धरतात, आणि हप्ते तेव्हाही चालूच असतील. तुम्ही मुंबईला वर्षातून आठ-दहा वेळा जाता. दर वेळी जाऊन-येऊन सात-आठ हजारांची टॅक्सी केली तरी वर्षाचे ऐंशी हजारांच्या आत भागते, हप्त्यांचे मात्र 2,16,000 होतात. एकटे जायचे असेल तर पंचवटी एक्सप्रेस आहेच. गावातल्या गावात, सातपूर ते घर, ही गाडी चालू द्या.

नव्या हप्त्यासाठी 18,000 निघणार होते ना? मग तेच आणि कार्डचे वाचलेले 7,000, असे 25,000 आजपासून बाजूला काढा. दीड वर्षात साडेचार लाख होतील. त्यातले 1,35,000 आपत्कालीन निधीत परत घाला, उरलेल्या तीन लाखांत तेव्हाच्या गाडीचे सव्वा-दीड लाख मिळवा, आणि चार मीटरच्या आतली, दहा लाखांपर्यंतची छोटी पेट्रोल गाडी पाहा. अशा गाड्यांवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवर आला आहे. साडेपाच लाखांचे पाच वर्षांचे कर्ज, हप्ता साडेअकरा हजार. ‘एप्रिलमध्ये 15 टक्के वाढ होईलच’ असे तुम्ही लिहिले आहे. ती खात्यात जमा होईपर्यंत या हिशेबात धरू नका.