मऊ जमिनीत भूकंपाचा हादरा जिरतो का?

प्रश्न असा आहे: केंद्र शेकडो किलोमीटर लांब असताना भूकंपाच्या लाटा आपल्यापर्यंत कशा येतात, आणि मऊ जमिनीत त्या जिरतात का? पहिला भाग शाळेच्या पुस्तकातही सापडेल. दुसऱ्यावरून आमच्या घरात वर्षानुवर्षं भांडण चालू आहे, म्हणून लिहितोय.

२६ जानेवारी २००१. चोपडा तालुक्यात तापीकाठी आमचं शेत. मी हौदाजवळ होतो. वारा नाही, मोटर बंद, आणि हौदातलं पाणी सावकाश एका काठावर चढतंय, मग दुसऱ्या. शेवटी बाहेर सांडलं. पायाखाली मात्र फार काही नाही, नुसतं गरगरल्यासारखं. नाना (माझे काका) खाटेवरून म्हणाले, "चक्कर उनी व्हई तुले." दुपारी टीव्हीवर भुज दिसलं.

तिथे ८:४६ ला ७.७ चा भूकंप झाला. आमचं शेत केंद्रापासून साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे. एवढ्या अंतरावर प्राथमिक लाट सव्वा मिनिटात येते. भुसावळ यार्डात इंजिन डब्यांना धडकलं की धक्का डब्याडब्यातून पुढे सरकतो, तशी ती खडकाला दाबत-ताणत जाते. दुय्यम लाट खडक आडवा हलवते, ती दोन मिनिटांनी. मग पृष्ठभागावरून रेंगाळत येणाऱ्या लाटा. हौद हलवला तो यांनी. आडव्या लाटा द्रवातून जात नाहीत. साधारण २९०० किलोमीटर खोलीवर त्या अडतात, म्हणूनच पृथ्वीचा बाह्य गाभा वितळलेला आहे हे कळलं. या लाटा वेगवेगळ्या ओळखल्या ओल्डहॅम या भूवैज्ञानिकाने, १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींवरून. हे शाळेत कुणी सांगत नाही.

आता जिरण्याचं. पुढे घर बांधायला काढलं तेव्हा मी म्हटलं, प्लिंथ बीम (जोत्यावरून फिरणारा सळई-काँक्रीटचा पट्टा) टाका, कोपऱ्यांना कॉलम द्या. नाना म्हणाले, "आपली जमीन मऊ शे, हादरा जिरी जास." गवंड्यानेही मान डोलावली, त्याचं काम वाचत होतं. बीमचे पैसे ओट्याच्या ग्रॅनाइटला गेले.

साफ चूक. लाट कठीण खडकातून गाळात शिरली की तिचा वेग घटतो. तीच ऊर्जा कमी वेगाने न्यायची म्हणजे झोका मोठा होणार. अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरच्या पुढे, साबरमतीच्या गाळावर वसलेलं. तिथे बहुमजली इमारती कोसळल्या. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत सगळ्यात वाईट हाल जुन्या तळ्याच्या गाळावरच्या वस्तीचे झाले, केंद्र साडेतीनशेच्या वर किलोमीटर लांब असून. आमच्याखाली तापीचा गाळच आहे.

"पण घर पडनं का?" हा नानांचा हुकमी एक्का. नाही पडलं. पण मोठा भूकंप इथे आलाय कुठे त्यानंतर? १९३८ च्या मार्चमध्ये सातपुड्यात ६ च्या वरचा झाला होता, हे त्यांना सांगितलं की विषय कापसाच्या भावावर जातो.

हां, एक मात्र खरं. गाळ नेहमीच हादरा वाढवतो असं नाही. थराची जाडी, लाटेचा आवर्तनकाळ (एका झोक्याला लागणारा वेळ) आणि इमारतीची उंची जुळून यावी लागते, आणि फारच जोराच्या हादऱ्यात मऊ माती थोडी ऊर्जा खातेही. म्हणून जागेची माती तपासून घ्या. आणि बीम टाका. ग्रॅनाइट नंतर लावता येतो, प्लिंथ बीम नाही.